तीन रिळांचा तक्ता

मासे धरायच्या रिळासाठी मी तीन दुकानांकडून दरपत्रकं मागवली, हे ऐकून बायको हसली नाही. खरं तर हसायला हवं होतं. पण माझ्याशी संसार करून तिला सवय झालेली आहे. घरातला कूलर, तिची शिलाई मशीन, मुलीच्या लग्नातला मांडव, सगळं तीन दरपत्रकांवर आलेलं. मी यवतमाळच्या एका सरकारी कार्यालयात भांडारपाल होतो. टाचण्यांच्या डबीपासून जनरेटरपर्यंत काहीही घ्यायचं तर तीन ठिकाणचे दर मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दराला मंजुरी घ्यायची. या पद्धतीनं मी नोकरीभर घेतलेल्या खुर्च्यांवर कोणी सुखानं बसलं असेल असं मला वाटत नाही. पण माझ्याकडे कधी कोणी बोट दाखवलं नाही आणि निरोप समारंभाच्या भाषणात तेवढंच सांगितलं गेलं. बाकी सांगण्यासारखं काही नसावं.

रीळ कशाला लागलं ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक साहेब बदलून आले होते, डोंगरी मुलखातले. एकटेच राहायचे. त्यांना रविवारी सोबत लागायची. माझ्याकडे स्कूटर होती आणि रविवारही मोकळा होता. आम्ही कळंबच्या रस्त्यानं निघायचो आणि बेंबळा नदीच्या काठी एका ओळखीच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, स्कूटर लावायचो. साहेब पिशवीतून चार तुकड्यांची काठी काढून जोडायचे. आपल्याकडचा गळ म्हणजे गांडूळ लावायचं आणि बसून राहायचं. यांचं निराळं होतं. गळाला पिसं आणि रंगीत दोरा बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजन नसतं, म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. ती जाड पिवळी दोरी काठीनं डोक्यावर मागे-पुढे खेळवायची आणि किडा पाण्यावर असा उतरवायचा की माशाला शंका येऊ नये. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. ते शेत ज्याचं, तो शेतकरी याला 'चाबूक मारनं' म्हणतो, आणि लांबून बघितलं तर त्याचं काही चुकत नाही.

आमच्या घरात मासे खात नाहीत. मीही खात नाही. सुरुवातीला मी नुसता साहेबांची पिशवी धरून उभा राहायचो. मग एका रविवारी त्यांनी काठी माझ्या हातात दिली. तासभर मी स्वतःच्याच कानाला, टोपीला आणि एका बोरीच्या झाडाला गळ लावला. त्यानंतर एकदा दोरी सरळ गेली. एक चिलापी लागली, तळहाताएवढी. ती हातात घेऊन परत पाण्यात सोडली तेव्हा मला जो आनंद झाला, तो मी कोणाला सांगितला नाही. सांगण्यासारखा तो नव्हताच. चाळिशी कधीच ओलांडलेला माणूस, गुडघाभर पाण्यात, एका चिलापीमुळे खूश.

साहेबांची बदली झाली. जाताना काठी आणि दोरी मला देऊन गेले, दोरी गुंडाळायचं रीळ मात्र काढून घेतलं. ते त्यांच्या वडिलांचं होतं. मी दोरी पतंगाच्या मांजाच्या चक्रीवर गुंडाळली आणि चक्री कमरेच्या पट्ट्याला अडकवली. सहा वर्षं माझं असंच चाललं. कारण या प्रकारात मासा रिळानं ओढत नाहीत. काठी उजव्या हातात असते आणि डाव्या हाताच्या बोटांनी दोरी ओढून तिचे वेढे पायाशी टाकत जायचं असतं. मासा फार मोठा असेल तरच रिळाचं काम. बेंबळेत माझ्या नशिबाला येणाऱ्या माशांसाठी रीळ म्हणजे दोरी ठेवायची जागा. त्या जागेवर पैसे घालवणं मला उधळपट्टी वाटायची.

मग डाव्या हाताचं सुरू झालं. निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं. मी काही करत नसलो की डावा अंगठा पहिल्या बोटावर आपोआप फिरायचा, तळहातावर तंबाखू मळावा तसा. कामाला लावला की थांबायचा, पण बारीक काम जमेनासं झालं. दोरीचे वेढे बोटांत राहीनात. चक्रीवर गुंडाळताना गुंता व्हायचा. पेन्शनच्या कामाचं निमित्त सांगून मी एकटा नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक ओळ लिहायला लावली आणि सांगितलं की हा कंपवात आहे. हळूहळू वाढतो, गोळ्या आहेत, हाताला काम देत राहा, असं शांतपणे सांगितलं. मग विचारलं, घरी कोण असतं? मी म्हणालो, पत्नी. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या, असं ते म्हणाले. मी हो म्हणालो.

बाहेर बाकावर माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता. त्याची बायको त्याला चहात बुडवून बिस्किट भरवत होती आणि मध्येच पदरानं त्याची हनुवटी पुसत होती. किती वर्षं झाली, मी विचारलं. तीन, ती म्हणाली. मी परतीच्या बसमध्ये बसलो.

बायकोला सांगितलं नाही. भीती वाटत होती, दुसरं काही कारण नव्हतं. मरणाची नव्हे. तिनं आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसली, आता कुठे मोकळी झाली होती, आणि तिच्या पदराला पुन्हा काम लागणार होतं ते माझं. हे तिच्या तोंडावर सांगायचं मला धाडस होईना. गोळ्या मी माशांच्या पिशवीत ठेवल्या. त्या पिशवीला वास येतो म्हणून ती तिला हात लावत नाही. डावा हात मी खिशात ठेवायला लागलो, किंवा वर्तमानपत्र धरायचो. निवृत्त माणसानं दिवसभर वर्तमानपत्र धरलं तर कोणाला काही वाटत नाही.

आता रीळ गरजेचं झालं. दोरी बोटांनी सांभाळता येईना, तेव्हा ती झटपट कुठेतरी गेली पाहिजे. तीन दर आले. एक ऑनलाइन, अठराशे रुपये. एक पुण्याच्या दुकानाचं, साडेसहा हजार. एक बंगळुरूचं, एकवीस हजार. हे एकवीस हजारवालं रीळ मोसंबीएवढंही जड नव्हतं म्हणे, आणि त्याचा ब्रेक इतका अचूक की धावत्या माशाला कळतही नाही आपण थांबतो आहोत ते. बेंबळेत धावणारा मासा मी अजून पाहिलेला नाही.

ऑनलाइन फोटो मी शेतकऱ्याला दाखवले. तो धुऱ्यावर उकिडवा बसला होता. कापूस वेचून झाला होता आणि कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या अजून उपटायच्या होत्या.

"हे घिरनी केवढ्याची भाऊ?"

मी तिन्ही भाव सांगितले.

"एकवीस हजार!" तो उडालाच. "इतक्यात तं फवारनीचे पंप येते. अन् मासा तं तुमी सोडूनच देता. कायले पाह्यजे एवढं महाग? सोडाले?"

 मी काठी जोडून दोरी फेकायला गेलो. मागे नेलेली दोरी पऱ्हाट्यांत अडकली. सोडवायला गेलो तर डाव्या बोटांनी अजून गुंता केला. तो बघत होता.

"हा डावा हात काहून हालून राह्यला तुमचा?"

"थंडी वाजते."

"फागुनात?"

"बीपीची गोळी घेतो, त्यानं होतं तसं."

तो उठला, पऱ्हाटीच्या एकेका बोंडातून दोरी सोडवली आणि माझ्या हातात न देता चक्रीवर स्वतःच गुंडाळून दिली. मला त्याचा राग आला. आता वाटतं, इतकं नीट वागलेल्या माणसाचा राग येणं हीच माझ्या तब्येतीची खूण होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तक्ता करायला बसलो. फूलस्केप कागद, पट्टी, पेन्सिल. दुकान, दर, धातू, वजन, ब्रेक, हमी. पुढचा रकाना सवयीनं आखला गेला: अपेक्षित वापर, वर्षांत. कार्यालयात प्रत्येक वस्तूचं आयुष्य ठरलेलं असायचं. खुर्चीचं किती, सायकलचं किती, मला पाठ होतं. ते संपलं की समिती बसायची, वस्तूकडे न बघता बाद करण्याच्या, म्हणजे निर्लेखनाच्या कागदावर सह्या व्हायच्या आणि वस्तू मागच्या शेडमध्ये जायची. कधी कधी चांगली सायकलही जायची. मला वाईट वाटायचं, पण समिती मी नव्हतो.

त्या रकान्यात मी पहिल्या रिळासमोर तीन लिहिलं. दुसऱ्यासमोर तीन. तिसऱ्यासमोरही तीन. त्याच्या शेजारी दर वर्षाचा खर्च काढला. अठराशेचं रीळ साहजिकच सर्वांत स्वस्त पडलं. खाली 'सर्वांत कमी दर स्वीकारण्यात यावा' असं लिहिलं, सही केली. हिशोब इतका स्वच्छ होता की मला क्षणभर जुनं समाधान वाटलं.  कागद वजनाखाली ठेवून मी बँकेत गेलो.

परत आलो तर बायको तक्ता वाचत बसली होती. तिला माझ्या खरेदीत रस नसतो. पण आकडे दिसले की तिला तपासल्याशिवाय राहवत नाही, चौथीचं गणित तपासण्यात तिची सगळी नोकरी सरली. तिचं माहेर फुलसावंगीचं, शेतकऱ्याचं घर. वर्गात ती पुस्तकातलं बोलायची. घरात, आणि विशेषतः रागात, तिची फुलसावंगी जागी होते.

"हे चुकलं तुमचं," ती म्हणाली.

"भागाकार बरोबर आहे."

"भागाकार बरोबर आहे. तीन चुकलं. अठराशाचं रीळ तीन वर्षं टिकंन, समजलं. एकवीस हजाराचंही तीनच?"

"हमी पाहून लिहिलं."

"हमी अलीकडच्या रकान्यात आहे." तिनं कागद माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. "इथं तुमच्याच अक्षरात लिहिलं आहे, आजीवन हमी. अन् त्याच्या बाजूले तीन."

मी बघितलं. ते खरंच तसं होतं. नोकरीभर मी दुसऱ्यांच्या तक्त्यांतल्या अशाच चुका पकडल्या होत्या. खोटं बोलायचं होतं तर तिथे पंधरा लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण तक्त्यात खोटं लिहायची माझ्या हाताला सवयच नाही. बायकोशी चार महिने खोटं बोललो, कागदाशी बोलता आलं नाही.

"टिकणार ते जास्त," मी म्हणालो. "वापरणार तेवढंच."

"काहून?"

 डावा हात मांडीवर होता, टेबलाखाली, आणि अंगठा फिरत होता.

"हात वर घ्या," ती म्हणाली. चौथीच्या वर्गाला सांगायची त्या आवाजात. मी हात टेबलावर ठेवला. तो तिथेही फिरत राहिला. तिनं चहाचा कप थोडा बाजूला सरकवला आणि पुष्कळ वेळ त्याच्याकडे बघितलं.

"मले वाटलं तुमी तंबाखू धरला," ती म्हणाली. "निवृत्त झाले, कोणाच्या संगतीत बसते, लागली असंन सवय. दोन महिने झाले, तुमच्या शर्टाचे खिसे हुंगून राह्यली मी."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मग मी सगळं सांगितलं: नागपूर, बोटं आपटणं, कंपवात, माशांच्या पिशवीतल्या गोळ्या.  संपल्यावर पहिला प्रश्न तिनं हाच विचारला, "तीन कोणी सांगतले? डॉक्टरनं?"

"डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही."

"मंग?"

मी बाकावरच्या माणसाचं सांगितलं. बिस्किट, चहा, पदर. त्याला तीन वर्षं झाली होती म्हणून मीही तीन धरली, असं सांगितलं. बोलताना ते फार शहाणपणाचं वाटलं नाही. एकाच दुकानाचा भाव घेऊन मी मंजुरी देऊन टाकली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"ती बाई होती नं त्याच्यासंग?"

"होती."

"अन् तुमच्यासंग कोण होतं?"

"कोणी नाही."

"त्या मानसाले पाहून तुमाले कीव आली," ती म्हणाली. "मले नाई आली. त्याच्याजोळ बायको तरी होती. तुमी एकलेच बसमंदी बसून आले, घरी आले, अन् मले म्हने पेन्शनचं काम झालं. मी तुमाले पोहे करून देल्ले त्या दिवशी. तुमी खाल्ले."

ती उठून आत गेली. मला वाटलं रडेल. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी काहीतरी समजावणीचं बोललो असतो. पण आतून कपाटाचा आवाज आला आणि ती तिचं लाल पेन घेऊन बाहेर आली. वर्षांच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत तिनं एक रेघ मारली.

"खाडाखोड केली की शेजारी सही लागते," मी म्हणालो. इतकी वर्षं जिभेवर बसलेलं वाक्य, ते निघूनच गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि रेघेशेजारी सही केली, पूर्ण नावानिशी, तारखेसह.

"आता वर्षं सोडून सांगा. कोनतं चांगलं?"

असं मला कधी कोणी विचारलं नव्हतं. कार्यालयात चांगलं कोणतं हा प्रश्नच तक्त्यात नसायचा. मी जरा चाचपडत सुरू केलं. एकवीस हजारवाल्याचा ब्रेक उत्तम, पण तो मोठ्या पळणाऱ्या माशासाठी, आणि असा मासा आपल्या नदीत मला दिसलेला नाही. त्यात घातलेला पैसा नुसता मिरवायला. अठराशेवाल्याचं चाक लहान, दोरी आत घ्यायला खूप वेढे मारावे लागतात, आणि ते पातळ आहे, दगडावर पडलं की वाकणार.

"पडते का हातातून?"

"पडतं," मी म्हणालो. "आता पडतं."

ती पुढे ऐकत राहिली. साडेसहा हजारवालं चाक मोठं आहे. एका फेऱ्यात दुप्पट दोरी आत येते. पडलं तरी सहसा वाकत नाही. फिरवायची मूठ जाड आहे, बोटांना शोधावी लागत नाही. हे सगळं बोलून झाल्यावर मला कळलं की मी रिळाबद्दल कमी आणि हाताबद्दल जास्त बोललो होतो, आणि आकाशही कोसळलं नव्हतं.

"मंग हेच घ्या."

"सर्वांत कमी दर नाकारायचा तर कारण नोंदवावं लागतं."

"लिहा, घरून नामंजूर."

मी तसंच लिहिलं. ती हसली, थोडीच. मग म्हणाली, लावा फोन, माझ्यासमोर लावा. नाहीतर तुम्ही उद्यापर्यंत चौथं दरपत्रक मागवाल. मी पुण्याच्या दुकानाला फोन लावला आणि तिनं तो स्पीकरवर टाकला. दुकानदार तरुण आवाजाचा होता, उत्साही. रीळ आहे, आजच पाठवतो म्हणाला. मग विचारलं, "सर, मूठ डावीकडे लावून देऊ की उजवीकडे? शक्यतो सगळे डावीकडेच घेतात. उजव्या हातात काठी, डाव्यानं फिरवायचं."

हे मला माहीत नव्हतं. हे लावून घेता येतं याचीच कल्पना नव्हती. चार महिने माझ्याकडे प्रत्येकासाठी एक उत्तर तयार होतं. कोणाला थंडी, कोणाला बीपी, कोणाला जास्त चहा. बायको माझ्याकडे बघत होती.

"उजवीकडे लावा," मी म्हणालो. "माझ्या डाव्या हाताला कंपवात आहे. काठी धरायला तो चालतो, बारीक कामाला चालत नाही."

 "काही हरकत नाही सर," तो म्हणाला. "उजवीकडे लावतो. पत्ता सांगा."

पत्ता मी सांगितला. घर, गल्ली, यवतमाळ. पिनकोडशी आलो आणि मला तो आठवेना. ज्या गावात जन्मलो, नोकरी केली, हजार लिफाफ्यांवर जो मी स्वतः लिहिला, तो आठवेना. बायकोनं फोन माझ्याकडून घेतला आणि पिनकोड सांगू लागली. चार आकडे तिनं ठणठणीत सांगितले. पाचव्यावर तिचा आवाज फुटला.

"ताई, पुन्हा सांगता का?" दुकानदार म्हणाला. "नीट ऐकू आलं नाही."

तिनं पदर तोंडाशी धरला, थांबली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितला.